लाँड्रीच्या फळ्यांची पेटी

ताईनं पेटी करायचं ठरवलं नव्हतं. ते नुसतं तोंडातून निघून गेलं, आणि तोंडातून निघालेली गोष्ट माघारी घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

त्या दिवशी सुट्टी होती. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, एका माणसाला घेऊन घरी आला. माणूस सजावटकार होता, मोठ्या हॉटेलांच्या भिंती नटवायचा. पायात मऊ बूट, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला आणि दर वाक्याच्या शेवटी "अप्रतिम". दादाचं फर्निचरचं दुकान होतं, तिथे दोघांची ओळख झालेली. एक नवं हॉटेल उघडणार होतं आणि त्याच्या जेवणघराच्या भिंतीवर या माणसाला सुतारकामाची जुनी हत्यारं टांगायची होती. खरीखुरी, वापरलेली, तळहाताच्या घामानं काळी पडलेली.

तशी हत्यारं अप्पांच्या मागच्या खोलीत भिंतभर होती. अप्पा उभा जन्म सुतार. आता डोळ्यांपुढे सगळं धूसर दिसायचं, माणूस दारात उभा राहिला तर तो आहे एवढंच कळायचं, कोण ते आवाजावरून. मागची खोली कित्येक वर्षं बंदच होती, ती आज पाहुण्यासाठी उघडली.

"घेऊन जा," अप्पा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "माझ्या आता काय कामाची? भिंतीवर टांगली तर निदान चार माणसं बघतील."

"अप्रतिम," सजावटकार म्हणाला आणि त्यानं रंधा उचलून फोटो काढायला सुरुवात केली. "याचं पातं काढून टाकू, वरून वार्निश मारू, आणि फळीवर पक्का चिकटवून टाकू. कुणी काढून नेणार नाही."

ताई चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे सुतारकामाच्या बाकावर आपटला.

"न्यायची नाहीत."

"का?" दादानं विचारलं.

"मला लागणार आहेत."

"तुला? कशाला?"

कशाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. समोरच्या खोलीत खुर्चीवर रजयांचा ढीग पडलेला असायचा, थंडी सरली की त्यांना जागा नसायची, भिंतीची ओल लागून वास यायचा. तोच ढीग तिला दारातून दिसला.

"पेटी करणार आहे. रजया ठेवायला. मोठी, झाकणाची."

दादा हसला. मनापासून हसला, वाईटपणानं नाही, म्हणून ते जास्त लागलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी हवेतच मान वळवली आणि विचारलं, "कोण करणार?"

"मी."

"तू तर रंधा उलटा धरशील."

हॉटेलचं रंगकाम व्हायचं होतं, सजावटकाराला घाई नव्हती. दोन-तीन महिन्यांनी येतो म्हणाला. अप्पा म्हणाले, "या. तोवर हिची हौस फिटेल. मी शब्द दिलाय, हत्यारं तुम्हाला मिळतील."

ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. वयानं पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भक्कम, ओल्या चादरींचं गाठोडं एकटी उचलणारी. तरुणपणी लग्न झालं होतं. दोन वर्षांत मोडलं. म्हणजे लोक म्हणायचे मोडलं, ती म्हणायची मी मोडलं. एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन रिक्षातून उतरली आणि अप्पांना म्हणाली, "परत पाठवायचं असेल तर मला बांधून पाठवावं लागेल." अप्पांनी पाठवलं नाही. आई गेली, धाकटा भाऊ परदेशी गेला, दादानं दुकान काढून वेगळं घर केलं, आणि म्हातारा बाप ताईच्या वाट्याला आला. तिनं तक्रार केली नाही. पण ती गोड बोलून काम करणाऱ्यांतलीही नव्हती. अप्पांचं जेवण वेळेवर आणि भांडण त्याच्याही आधी, असा खाक्या.

लहानपणी अप्पा तिला खुंटी म्हणायचे. त्याला कारण होतं. मागच्या खोलीत अप्पा दोन्ही मुलांना काम शिकवायचे. प्रत्येकाला त्याच्या हाताच्या मापाची हत्यारं आणून दिलेली, मुठीवर नावं कोरलेली. मुलं जांभया द्यायची, एकमेकांना भुसा फेकून मारायची. आणि ही पोर भिंतीला चिकटून बघत उभी राहायची. हाकललं तरी हलायची नाही. तिला काम कोणतं, तर भुसा झाडणं आणि लाकूड चिकटवायचा सरस तापवणं. एकदा कुणी नाही असं बघून तिनं रंधा हातात घेतला, तर अप्पांनी येऊन मनगटावर सणसणीत फटका दिला होता. "हे खेळणं नाही." दादानं तोच रंधा अंगणात दगडावर चालवला होता, तेव्हा मात्र अप्पा नुसते ओरडले होते. हा हिशेब ताईनं कधी बोलून दाखवला नाही, पण विसरलीही नाही.

लाकडाची सोय अनपेक्षितपणे झाली. लाँड्रीत लोखंडी मांडण्या यायच्या होत्या. जुन्या लाकडी मांडण्या मागच्या अंगणात काढून टाकल्या होत्या, बॉयलरवाला त्या जाळायला नेणार होता. देवदाराच्या लांबरुंद फळ्या. त्यांच्यावर ताईनं आयुष्यभर घड्या रचल्या होत्या. वरून पांढऱ्या रंगाचे थर, पण कोपरा नखानं खरवडला की आत पिवळसर, स्वच्छ लाकूड, आणि नाक जवळ नेलं की साबणाचा वास.

"मला हव्यात," ती लाँड्रीच्या साहेबांना म्हणाली.

"काय करणार?"

"पेटी."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती फळ्या खाणार म्हणाली. पण परवानगी दिली. हातगाडीवर फळ्या घालून ती भर दुपारी रस्त्यानं घरी आली. वाटेत गल्लीतला न्हावी दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "ताई, घर बांधताय की काय?" ती म्हणाली, "तुमचं तोंड बंद करायला झाकण करतेय."

आता खरी गोष्ट सांगायची तर ताईला काही येत नव्हतं. इतकी वर्षं तिची समजूत होती की तिला सगळं येतं, कारण तिनं सगळं पाहिलं होतं. पाहणं आणि येणं यात किती अंतर असतं ते पहिल्याच संध्याकाळी कळलं. तिनं फळी बाकावर अडकवली, रंधा ठेवला, अप्पा ठेवायचे तसा पाय मागे घेतला आणि रेटला. रंधा हातभर गेला, अडला आणि लाकडाचा लचका तोडून थांबला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा टक्क आवाज आला आणि पात्याच्या धारेला खाच पडली. रंगाच्या थराखाली खिळा राहिला होता.

अप्पा स्वयंपाकघरात त्यांच्या खुर्चीत बसलेले असायचे. मागच्या खोलीचं दार तिथेच उघडायचं.

"खिळा," ते तिथूनच म्हणाले. "आंधळ्या माणसाला ऐकू आला, डोळसाला दिसला नाही."

ताईनं दार लावून घेतलं.

पण दार लावून आवाज कुठे थांबतो? रोज संध्याकाळी ती कामावरून यायची, स्वयंपाक उरकायची, मागच्या खोलीत शिरायची, आणि रोज दाराच्या पलीकडून अप्पांचा शेरा यायचा. "मांजराला सोलतेस का? रेषा बघ, लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूला झुकल्यात ते बघ, मांजराला कुणी शेपटीकडून कुरवाळतं का?" किंवा "पातं बोथट आहे. तुझ्या त्या पात्यानं लोणीसुद्धा कापलं जाणार नाही." ती चिडून लाल व्हायची. एकदा तर बाहेर येऊन ओरडली, "शिकवायचं तर नीट शिकवा, नाहीतर गप्प बसा!"

"मी कुठे शिकवतोय?" अप्पा म्हणाले. "मी शिव्या देतोय."

तिनं दार पुन्हा लावलं. पण फळीचं तोंड फिरवून बघितलं. रंधा सरकन गेला आणि पात्याच्या फटीतून कागदासारखी पातळ, लांब साल गुंडाळी होत बाहेर आली. ताईनं ती हातात घेतली, दिव्यापुढे धरली. तिच्या आरपार उजेड दिसत होता. तिला अप्पांना हाक मारावीशी वाटली. नाही मारली.

मग धार लावायला ती शिकली. हॉस्पिटलच्या वर्कशॉपमधल्या फिटरकडून दगड मागून आणला आणि पातं घासघास घासलं, मनगटावरचे केस उडेपर्यंत. करवतीनं रेघेवर कापायला शिकली. म्हणजे आधी रेघ खाल्ली, फळी आखूड झाली, मग कळलं की रेघ शिल्लक ठेवून तिच्या बाहेरून कापायचं असतं. त्यामुळे पेटी जेवढी ठरली होती त्यापेक्षा चार बोटं उंचीनं कमी झाली. "मला एवढीच हवी होती," ती आरशात बघून म्हणाली.

सगळ्यांत कठीण सांधे होते. चारही कोपरे खिळे ठोकून जोडता आले असते. पण खिळे ठोकायचे तर एवढा उपद्व्याप कशाला? अप्पांच्या पेट्यांना एक खिळा नसायचा. दोन फळ्यांची टोकं पारव्याच्या शेपटीसारखी कापायची, टोकाला रुंद आणि आत निमुळती, आणि एकीची शेपटं दुसरीच्या खाचांत घट्ट बसवायची. बसली की ओढून निघत नाहीत. ताईनं पहिला कोपरा कापला तेव्हा शेपटं खाचांत जाता जाईनात, आणि गेली तेव्हा खडखड वाजायला लागली. फटीतून बोट जाईल अशी गत.

त्याच सुमारास तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. सकाळी ती कामावर जाताना फळ्या जशा ठेवून जायची तशा संध्याकाळी नसायच्या. आणि सांध्यांच्या कडांवर नखानं ओढलेल्या बारीक खुणा असायच्या. इथे घासायला हवं, तिथे जास्त काढलंय.

ती तशीच फळी घेऊन बाहेर आली.

"माझ्या फळ्यांना हात लावलात?"

"खोली माझी, हत्यारं माझी."

"फळ्या माझ्या आहेत. पुन्हा हात लावायचा नाही."

"बरं," अप्पा म्हणाले. "मग ती डाव्या हाताची तिरकीच राहू दे."

ती फळी खरंच तिरकी होती. ताईनं स्वतःच्या डोक्यानं ती सरळ करायचा प्रयत्न केला, बिघडवली, नवी कापली. नखाच्या खुणा जिथे होत्या तिथेच अखेर पटाशीची धार लावून तासलं, तेव्हा बसली. हे तिनं अप्पांना सांगितलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही.

दादाला वाटत होतं की आठ-पंधरा दिवसांत हे खूळ उतरेल. उतरेना, तेव्हा त्यानं त्याच्या परीनं तोडगा काढला. एका सकाळी दुकानाचे दोन हमाल एक चकचकीत पेटी घेऊन दारात उभे राहिले. वर लाकडाचा छाप, आत मखमलीचा कागद, झाकण हळूच आपोआप मिटणारं. मागोमाग दादा आणि वहिनी.

"घे," दादा म्हणाला. "तुझा प्रश्न सुटला. आता ते ठोकठोक बंद कर. अप्पांना झोप मिळत नाही."

"अप्पा दुपारभर घोरतात," ताई म्हणाली. "परत न्या ही."

"अगं, भावानं प्रेमानं आणलीय," वहिनी म्हणाली. "इतका कसला ताठा?"

"प्रेमानं आणली तर प्रेमानं परत नेता येईल. वहिनी, राग मानू नका. मला पेटी नकोय, मला पेटी करायचीय."

"त्यात फरक काय?" दादाचा आवाज चढला. "लोक मला विचारतात, तुमची बहीण भंगारातली लाकडं ओढत नेत होती म्हणे. दुकान आहे माझं फर्निचरचं! मला तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही?"

"तोंड तुझं आहे, तूच दाखव."

हमाल खाली बघून हसले. दादानं अप्पांकडे धाव घेतली. "अप्पा, तुम्हीच सांगा. घर तुमचं आहे."

अप्पा उठले, चाचपडत आले, पेटीवर हात फिरवला. कडेवर, कोपऱ्यावर, झाकणाच्या खालच्या बाजूला. बराच वेळ फिरवला.

"यात लाकूड कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

दादानं झाकण सोडलं, ते हळूच मिटलं.

"भुसा आणि डिंक," अप्पा म्हणाले. "न्या ही. आणि ही आत जे करतेय तेसुद्धा मला नको आहे. ती पेटी नाही, खोका होणार आहे."

हमालांनी पेटी उचलली. ताईनं त्यांना दार धरून दिलं, वर "सांभाळून, छाप निघेल" असंही म्हणाली. त्या दिवशी तिनं रात्रीच्या जेवणात अप्पांशी एक शब्द काढला नाही. आपली बाजू घेतली म्हणून बरं वाटलं होतं आणि घेतली नाही म्हणून राग आला होता, आणि दोन्ही एकदम गिळणं जड जात होतं.

शेवटच्या कोपऱ्यापाशी घात झाला. घाईत होती, पटाशीच्या पुढे डावा हात ठेवला होता, जो कुणीही ठेवू नये. पटाशी निसटली आणि तळहातात शिरली. तिनं ॲप्रन गुंडाळला आणि हॉस्पिटल गाठलं. टाके घालताना सिस्टर म्हणाली, "ताई, या वयात हे कशाला?" ताई म्हणाली, "मग कोणत्या वयात? त्या वयात कुणी करू दिलं नाही."

घरी परतली तेव्हा मागच्या खोलीतलं रक्त पुसलेलं होतं. अप्पांनी चाचपडत, अंदाजानं पुसलं होतं; बाकाच्या पायाशी एक डाग तसाच राहिला होता. पण हे सगळं तिला नंतर दिसलं, कारण आत्ता खोलीला कुलूप होतं.

"किल्ली?"

"माझ्याकडे आहे. संपलं आता. तो हॉटेलवाला येईपर्यंत खोली उघडायची नाही."

"अप्पा, किल्ली द्या."

"नाही."

"तुमचा हात कधी कापला नाही?"

"मी सुतार आहे."

"तुम्ही जन्मतःच सुतार होता? शिकताना कापला नाही?"

अप्पांनी डावी मूठ मिटली. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं टोक नव्हतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते किल्ली खिशात घालून खुर्चीत बसून राहिले.

ताईनं दोन दिवस जाऊ दिले. हाताचा ठणका थोडा कमी झाला. तिसऱ्या दिवशी कामावरून आली, हात-पाय धुतले, चहा केला, अप्पांना दिला, स्वतः प्यायली. मग कुलपाच्या दारापुढे स्टूल ओढलं. हत्यारं सगळी आत कोंडलेली. तिनं कालथा घेतला आणि खलातला बत्ता घेतला. बिजागऱ्या स्वयंपाकघराच्या बाजूला होत्या. वरच्या बिजागरीच्या सळईखाली कालथ्याचं टोक घातलं आणि बत्त्यानं ठोकलं.

"काय चाललंय?" अप्पांनी विचारलं.

"दार काढतेय."

"काय?"

"कुलूप तुमचं आहे. त्याला मी हात लावत नाही. दार काढतेय."

अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. कपाळाची शीर फुगली. ताईला वाटलं आता उठतील, हात धरतील, आणि मग काय करायचं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. ती ठोकत राहिली. एका हातानं कालथा नीट धरता येत नव्हता, टाके ओढत होते, डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते वेदनेचं होतं.

"मूर्ख," अप्पा अखेर म्हणाले. "वरची आधी काढू नकोस. दार अंगावर येईल. खालची काढ आधी."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. तिला माहीत नव्हतं. ती स्टुलावरून उतरली आणि खालच्या बिजागरीपाशी बसली.

सळया निघाल्या. दार जड होतं, जुन्या पद्धतीचं, जाड फळ्यांचं. तिनं खांदा लावला, कडी-कोयंड्यासकट ते तिरकं केलं आणि भिंतीला टेकवलं. आतून लाकडाचा वास भस्सकन स्वयंपाकघरात आला. अप्पा तसेच बसून होते. किल्ली त्यांच्या खिशातच होती.

"जेवण केव्हा?" त्यांनी विचारलं.

"तासाभरानं."

"मग तासभर कर काय करायचं ते. पण पटाशीच्या पुढे हात नाही. पुन्हा ठेवलास तर सांगून ठेवतो, मी ती पटाशी विहिरीत टाकीन."

"विहीर कुठेय इथे?"

"खणीन."

त्या दारानं पुन्हा चौकट पाहिली नाही. आता अप्पांना आवाज ऐकायला कान टवकारावे लागत नव्हते. शिव्या तशाच चालू राहिल्या, फक्त थेट यायला लागल्या.

चारही कोपरे जुळले. सरस तापवून लावायचं काम ताईला झोपेतही आलं असतं, लहानपणी तेवढंच तर करू दिलं होतं. तिनं भराभर लावला, लाकडी मोगरीनं कोपरे ठोकून बसवले, दोरीनं आवळले आणि दोन्ही कर्ण मोजले. बोटाच्या पेराएवढा फरक निघाला. पेटी किंचित कललेली होती. तिनं गुडघा लावून रेटली, अर्धा फरक गेला, अर्धा राहिला. सरस धरायला लागला होता. "राहू दे," ती म्हणाली. एका सांध्यात फट होती, तिच्यात पातळ पाचर ठोकून सपाट केली. ज्याला दिसेल त्याला दिसू दे.

झाकण व्हायचं होतं तेवढ्यात सजावटकार आला, बरोबर दादा. स्वयंपाकघरातून आत पाऊल टाकताच त्याचे हात जुळले. "अप्रतिम! ही पेटी! हीच द्या मला. हॉटेलच्या दारातच ठेवतो, वर फुलदाणी. ही फट, हा पांढऱ्या रंगाचा अंश, असं मुद्दाम करूनही होत नाही."

"मुद्दामच केलंय," ताई म्हणाली. "देणार नाही."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतके दिवस जिची लाज वाटत होती ती वस्तू त्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाला हवी होती. "दे ना गं," तो हळूच म्हणाला. "मोठी ओळख आहे."

"तुझी ओळख आहे, माझी पेटी आहे."

"बरं, मग हत्यारं," सजावटकार म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

ताई भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. हातात मोगरी होती, ती तिनं खाली ठेवली नाही. "अप्पा, शब्द तुम्ही दिलाय, मला माहीत आहे. तुम्ही मोडायचा नसेल तर मोडू नका. पण मी इथून हलणार नाही. मला बाजूला करून न्यावी लागतील."

दादा म्हणाला, "अप्पा, आता तमाशा व्हायच्या आत काहीतरी बोला."

अप्पा चौकटीला धरून आत आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच कुणासमोर त्या खोलीत शिरले होते. भिंतीवर हात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून दोन कापडी पिशव्या खाली काढल्या.

"मी शब्द दिलाय, मोडणार नाही," ते सजावटकाराला म्हणाले. "हत्यारं देईन म्हणालो होतो. कुठली ते म्हणालो नव्हतो. ही घ्या."

आत छोटी हत्यारं होती. छोटा रंधा, छोटी करवत, मुठीवर दोन्ही मुलांची नावं. लाकूड अजून कोरं, पिवळं. हाताचा डाग म्हणून नाही.

"ही वापरलेली दिसत नाहीत," सजावटकार म्हणाला.

"नाहीतच," अप्पा म्हणाले. "म्हणूनच भिंतीवर शोभतील."

दादानं स्वतःचं नाव कोरलेला रंधा हातात घेतला, उलटसुलट केला आणि पिशवीत ठेवला. सजावटकारानं तोंडदेखलं "अप्रतिम" म्हटलं, दोन हत्यारं घेतली आणि बाकीची विसरून गेला. दादा जाताना ताईपाशी थांबला.

"तुला खरंच एवढं हवं होतं, तर तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते. फटका खाल्ला होता. तू बाहेर खेळत होतास."

दादा निघून गेला. अप्पा तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं. ताईला वाटलं काहीतरी बोलतील. ते बाकापाशी गेले, पेटीच्या कडेवर हात ठेवला, पाचर मारलेली फट बोटाला लागली तिथे थांबले.

"झाकणाला बिजागरी कुठली लावणार?"

"बाजारातली."

"बाजारातली नको, त्या वाकतात. डाव्या खणात पितळी आहेत. जपून वापर, तेवढ्याच उरल्यात."

एवढंच. आणि बोट उचलताना, "खोकाच आहे," असं म्हणालेच.

झाकण लागलं. पितळी बिजागऱ्या लाकडात खोलवर बसवताना ताईनं दोनदा चूक केली आणि दोनदा दुरुस्त केली. मग तेल चोळलं. पांढरा रंग सगळा निघाला नाही, सांध्यांच्या कडेला रेषा राहिल्या. पेटी रेखीव नव्हती. जड होती, बसकी होती, एका बाजूला कणभर झुकलेली होती आणि चारही कोपऱ्यांनी अशी घट्ट होती की वर्कशॉपमधला जाडजूड फिटर वर उभा राहिला तरी कुरकुरली नाही.

तोच फिटर आणि न्हावी पेटी आत ठेवायला आले होते. ताईची निजायची खोली पलीकडे. तिघांनी मिळून पेटी उचलली, स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत आणली, आणि ताईच्या खोलीच्या दारात ती अडली. आडवी जाईना, उभी जाईना, तिरकी केली तर झाकण अडकलं. न्हावी घाम पुसत म्हणाला, "ताई, दार मोजलं नव्हतंत?"

मोजलं नव्हतं. पेटी मोजली होती, रजया मोजल्या होत्या, भिंतीची जागा मोजली होती. दार मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं.

"काय झालं?" अप्पांनी आतून विचारलं.

"काही नाही."

"दारातून जात नाही, होय ना?"

फिटर आणि न्हावी ताईकडे बघत राहिले. हेही दार काढलं तर जाईल का, असं फिटरनं विचारलं. ताईनं चौकटीकडे बघितलं आणि मान हलवली. चौकटच अरुंद होती.

"मला ती इथेच ठेवायची होती," ती मोठ्यानं म्हणाली. "समोरच्या खोलीत. इथेच, मधोमध."

"मधोमध?" न्हावी म्हणाला. "येणाऱ्याच्या पायात येईल की!"

"येऊ दे. वळसा घालून जातील."

पेटी तिथेच राहिली. ताईनं त्याच संध्याकाळी खुर्चीवरचा रजयांचा ढीग उचलला, एकेक रजई झटकून, लाँड्रीत घालायची तशी काटेकोर घडी घालून आत ठेवली. झाकण बंद केलं. मग चहा केला, दोन कप घेऊन आली आणि अप्पांना हाताला धरून पेटीवर बसवलं. अप्पा जरा मागेपुढे सरकून बघत होते, कुठे हलते का ते. हलेना. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "आता हत्यारं तेल लावून ठेवणार ना? की पुन्हा काही उद्योग आहे?"

"खुर्ची," ताई म्हणाली.

"खुर्चीला वळणाचं काम असतं. तुला जमायचं नाही."

"उद्यापासून सुरू करतेय," ती म्हणाली आणि दुसरा कप उचलून त्यांच्या शेजारी बसली.